चूकभूल द्यावी घ्यावी

गेल्या वर्षी आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत तीन महिने राहून आलो. तिकडे जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याच्या धबधब्याविषयी चार शब्द सांगावेत, असा आपल्याकडे रिवाज आहे. नायगारा मी पाहिला. तो फार मोठा आहे. परंतु त्या तीन महिन्यांत ज्या वस्तूने माझी झोप उडवली ती नायगाऱ्याएवढी नव्हती. ती खेळायच्या पत्त्याएवढी होती.

आमच्या नातवाला कार्डे जमवण्याचा नाद आहे. वय वर्षे बारा. कार्डे पोकेमॉनची. पोकेमॉन म्हणजे जपानी डोक्यांतून निघालेले चित्रविचित्र प्राणी. त्यांची कार्डे १९९६ साली जपानात निघाली आणि १९९९ साली इंग्रजी बोलत अमेरिकेत उतरली. ती खेळण्यासाठी असतात असे म्हणतात. पण आमच्या नातवाला त्यांच्याशी खेळताना मी कधी पाहिले नाही. तो ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालतो, वहीत लावतो आणि हात धुतल्याशिवाय त्या वहीला शिवत नाही. देवघरात जाताना त्याने हात धुतल्याचे त्याच्या आजीला अजून पाहायचे आहे.

हा मुलगा मला ‘तू’ म्हणतो. तिकडे जन्मलेली आपली मुले साऱ्या जगाला एकेरीत बोलावतात. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच शब्द, त्याचे त्यांनी मराठीत ‘तू’ करून टाकले आहे. प्रथम कानाला खटकते. मग सवय होते, आणि शेवटी ते इतके गोड लागते की इकडे परत आल्यावर कुणी ‘आजोबा, तुम्ही’ म्हटले तर माणूस रागावला आहे की काय, अशी शंका येते.

कागदाच्या तुकड्यांवर इतके प्रेम कसे जडते, असे मी त्याला विचारू शकलो असतो. पण विचारले नाही. कारण गिरगावातल्या चाळीत मी स्वतः काड्यापेट्यांचे छाप गोळा करीत हिंडलो आहे. पुढे छाप सुटले आणि पोस्टाची तिकिटे आली. तेव्हा हा रोग आमच्या रक्तातच आहे. फरक एवढाच, की आमच्या रोगाला पैसे कमी लागत. अमेरिकेत हा रोग जुना आणि खर्चिक आहे. १९०९ ते १९११ या काळात तिथल्या सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रे मिळत. त्यांतले होनस वॅग्नर या खेळाडूचे एक चित्र २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरांना गेले. त्याच वर्षी मिकी मँटल या दुसऱ्या खेळाडूच्या १९५२ सालच्या कार्डाला लिलावात एक कोटी सव्वीस लाख डॉलर आले. हे आकडे ऐकल्यावर आमच्या हिने, माझे छाप ज्या पत्र्याच्या डब्यात होते तो डबा माझ्या आईने बोहारणीला दिल्याबद्दल प्रथमच हळहळ व्यक्त केली.

कार्डाची किंमत कशी ठरते, हे नातवाने मला दोन संध्याकाळ बसून शिकवले. एकाच चित्राची दोन कार्डे शेजारी ठेवली तर तुम्हाआम्हाला ती जुळी भावंडे वाटतील. पण एकाच्या चित्राखाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा काळा बारीक शिक्का असतो, दुसऱ्याच्या नसतो. मग कोपरे पाहायचे, कडा पाहायच्या, पृष्ठभागावरचे ओरखडे पाहायचे, चित्र बरोबर मधोमध छापले आहे का ते पाहायचे. या परीक्षा घेऊन कार्डाला एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्याच तिकडे आहेत. पूर्वीच्या वधूपरीक्षेतसुद्धा एवढी बारकाई नसे. एखादा कोपरा पांढुरका झाला, की किंमत निम्म्यावर आली म्हणून समजावे.

अशी ही विद्या पदरी घेऊन एका शनिवारी आम्ही आजोबा-नातू कार्डांच्या बाजाराला गेलो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिथल्या एका शाळेच्या सभागृहात तो भरे. घडीची टेबले मांडलेली, टेबलांवर काचेच्या पेट्या, पेट्यांत कडक प्लॅस्टिकमध्ये घातलेली कार्डे आणि प्रत्येकावर किमतीची चिकटपट्टी. जावईबापू आम्हाला सोडून गेले ते दोन तासांनी न्यायला येणार होते. नातवाच्या खिशात वीस डॉलर होते आणि चेहऱ्यावर पंढरपूरच्या वाळवंटात पोहोचलेल्या वारकऱ्याचा आनंद होता. प्रत्येक टेबलापाशी तो दहा-दहा मिनिटे उभा राहू लागला. मी मुकाट्याने मागे.

चौथ्या की पाचव्या टेबलामागे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझ्याच वयाचे असतील. डोक्याला टोपी, पुढ्यात कॉफीचा थर्मास आणि हातात भिंग. या टेबलापाशी नातू एकदम ताठ झाला. मग माझा सदरा ओढून हळूच म्हणाला, “आजोबा, तुझ्याकडे पंधरा डॉलर आहेत?”

मी दिले. पस्तीस डॉलर मोजून त्याने एक कार्ड घेतले. तोंडातून आग ओकणारा एक नारिंगी प्राणी त्यावर होता. चॅरिझार्ड त्याचे नाव. म्हाताऱ्याने ते कागदी पिशवीत घालून दिले, “छान निवड केलीस” असे काहीतरी म्हटले आणि माझ्याकडे पाहून मान लवविली. आम्ही पाच पावले गेलो असू नसू, नातू म्हणाला, “आजोबा, चल, आपण बाहेर थांबू.”

अर्ध्याहून अधिक सभागृह पाहायचे राहिले होते. जावईबापू यायला अजून तास-सव्वा तास होता. बाहेर ऊन रणरणत होते. आणि एरवी चपला ओढीत चालणारे हे पोर भराभर पाय उचलीत होते. त्या पायांकडे पाहून मला कसेसेच झाले. ही चाल मी पूर्वी कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते मात्र तेव्हा आठवले नाही; किंवा आठवू दिले नाही.

मोटारीत बसल्यावर सगळे बाहेर आले. “बाबा, साडेतीनशेचं कार्ड पस्तीसला! पलीकडच्या टेबलावर तसंच होतं, साडेतीनशेला. ह्याने शून्य लिहायला विसरलं!”

रात्री जेवणाच्या टेबलावर त्या कार्डाचा खटला उभा राहिला. मुलगी पुत्राच्या बाजूने होती. “त्याने मागितले तेवढे दिले. चोरी केली का? दुकानदार आपल्याकडून जास्त पैसे घेतात तेव्हा रात्री घरी फोन करतात का?” तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचतच ती लहानाची मोठी झाली आहे. आमच्या हिचा निकाल एका वाक्यात होता. “ज्याचं त्याला देऊन यावं आणि मोकळं व्हावं.” एवढे बोलून ती आमटी वाढायला उठली. हिचे निकाल असेच असतात. त्यांत कारणे दिलेली नसतात.

जावईबापूंनी मात्र एक खराखुरा खटला सांगितला. १९९० साली शिकागोच्या जवळ इटास्का या गावी कार्डांच्या एका दुकानात तो घडला. नोलन रायन हा बेसबॉलचा मोठा गोलंदाज. त्या वर्षी त्रेचाळिसाव्या वर्षीही तो मैदाने गाजवीत होता, त्यामुळे त्याच्या १९६८ सालच्या पहिल्यावहिल्या कार्डाचा भाव चढलेला. दुकानातल्या कार्डावर ‘१२००’ असे लिहून पुढे एक तिरकी रेघ मारली होती. मालक जागेवर नव्हता. विक्रीला बसलेली व्यक्ती या धंद्यात नवखी होती. एक शाळकरी मुलगा आला, त्याने बारा डॉलर का म्हणून विचारले, होकार मिळाला आणि बाराशे डॉलरांचे कार्ड बारा डॉलरांत गेले. मुलगा काही नवशिक्या नव्हता, त्याच्यापाशी हजारो कार्डे होती. मालकाने शोध करून त्याला गाठले आणि कार्ड परत मागितले. मुलाने नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले. साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत ते गाजले आणि घरोघर आमच्यासारखी जेवणे निवली.

“मग कोण जिंकलं?” नातवाने विचारले.

“कुणीच नाही. १९९१ साली खटला चालू असतानाच दोघांनी तडजोड केली. कार्डाचा लिलाव करायचा आणि पैसे दानधर्माला द्यायचे. पाच हजार डॉलर आले.”

नातवाने कार्डाची पिशवी थोडी जवळ ओढली.

मी निवृत्त बँकवाला. बँकेच्या परीक्षेसाठी १८७२ सालचा आपला करार कायदा घोकला होता, तो अजून थोडा जिभेवर आहे. मीही मग वकिली केली. आपला कायदा म्हणतो, की वस्तुस्थितीबद्दल एकाच पक्षाची चूक झाली, एवढ्या एका कारणाने करार मोडता येत नाही. नातवाचा चेहरा खुलला. पण दुसरी बाजूही सांगणे भाग होते. १९३९ साली लंडनमध्ये रानसशांच्या तीस हजार कातड्यांच्या एका सौद्याचा निकाल लागला. भाव ठरायचा नगावर, आणि विकणाऱ्याने चुकून लिहिला पौंडाच्या वजनावर. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत, म्हणजे माल तिसऱ्या हिश्श्यात गेला. न्यायाधीश म्हणाले, की या धंद्यातल्या घेणाऱ्याला ही चूक कळली नसेल हे शक्यच नाही. आणि कळूनसवरून जो चुकीवर झडप घालतो त्याचा करार हा करारच नव्हे. तीच गोष्ट सिंगापुरात. २००३ साली एका कंपनीच्या संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरांचे छपाईयंत्र चुकून ६६ डॉलरांना लागले. सहा जणांनी मिळून अशी १,६०६ यंत्रे मागवली. न्यायालयांनी २००४ आणि २००५ साली त्यांना हात हलवीत परत पाठवले. म्हणजे कायदासुद्धा शेवटी एकच विचारतो: चूक झाली हे तुला ठाऊक होते का?

यावर बारा वर्षांच्या आरोपीने जो मुद्दा काढला तो कुठल्याही वकिलाने मान डोलवावी असा होता. तो म्हणाला, “आजोबा, मग स्वस्तात मिळालेलं प्रत्येक कार्ड परत करायचं? मी एवढा अभ्यास करतो. कुणाला पहिल्या आवृत्तीचा शिक्का कळला नाही आणि मला कळला, तर ती माझी चोरी आहे?”

मी म्हटले, नाही. ती तुझी कमाई. जुन्या बाजारात, रद्दीच्या गठ्ठ्यात ज्याला हिरा ओळखता आला त्याचा तो हिरा. विकणाऱ्याने आपल्या अकलेप्रमाणे भाव सांगितला, घेणाऱ्याने आपल्या अकलेप्रमाणे तो दिला. यापुढेही जाणारी माणसे असतात. सिसेरो या रोमन पंडिताने इसवी सनापूर्वी ४४ साली लिहिलेल्या एका ग्रंथात स्कायव्होला नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. त्याने एका जमिनीचा भाव विचारला; मालकाने सांगितला; हा म्हणाला, तुमची जमीन याहून जास्त किमतीची आहे, आणि वर एक लाख नाणी घातली. (“आजोबा, हा वेडा होता का?” “त्या काळी पुष्कळांना तसेच वाटले.”) असे स्कायव्होला सगळ्यांनी व्हावे, असे मी म्हणणार नाही. पण त्या म्हाताऱ्याने कार्ड ओळखण्यात चूक केली नव्हती. त्याला त्याची किंमत तुझ्याइतकीच ठाऊक होती. त्याच्या हातून फक्त एक शून्य राहिले. तुझ्या अभ्यासाने तुला ते कार्ड मिळालेले नाही, त्याच्या थरथरत्या हाताने मिळाले आहे.

नातू काही बोलला नाही. खटला दुसऱ्या दिवसावर गेला आणि आम्ही झोपायला गेलो. म्हणजे बाकीची मंडळी झोपली. मला ते भराभर उचललेले पाय दिसू लागले. आणि ती चाल मी कुठे पाहिली होती, हे अंधारात लपवता येईना.

१९६३ साल. मीही बारा वर्षांचा. फोर्टात पोस्टाच्या मोठ्या कचेरीच्या आसपास पदपथावर एक म्हातारबाबा तिकिटांची पेटी घेऊन बसत. जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. १९४८ साली पंधरा ऑगस्टला गांधीजींची चार तिकिटे निघाली होती, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यांवर हिंदीत आणि उर्दूत ‘बापू’ असे लिहिलेले. दीड आणा, साडेतीन आणे आणि बारा आणे ही तीन माझ्याजवळ होती. चौथे दहा रुपयांचे. ते आमच्यासारख्या पोरांना स्वप्नातच दिसायचे. शेजारच्या एका दुकानात मी त्याची किंमत विचारली होती, पंधरा रुपये. एके दिवशी म्हातारबाबांच्या पेटीत ते दिसले. त्यावर चिठ्ठी होती, १.५० ची. नवे पैसे येऊन सहा वर्षे झाली होती, पण जुन्या माणसांची टिंबे अजून जागेवर बसायची होती. टिंब एक घर अलीकडे पडले होते.

मला ते कळले. अगदी स्वच्छ कळले. मी दीड रुपया दिला. बाबांनी जुन्या सवयीने कागदाच्या कपट्यावर हिशेब लिहून दिला आणि खाली लिहिले, ‘चू. भू. द्या. घ्या.’ आणि मी निघालो. भराभर पाय उचलीत.

एवढ्यावर ते संपते तर मी झोपलो असतो. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तिथे गेलो. बाबांनी चष्मा वर करून विचारले, “बाळ, ते गांधींचं तिकीट तूच नेलंस का रे?” मी म्हणालो, “नाही.” ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “असेल. मीच कुठंतरी घातलं असेल. डोळे गेले माझे.” आणि पेटीत पुन्हा शोधू लागले. त्या रस्त्याने मी नंतर कित्येक वर्षे गेलो नाही. तिकीट गांधीजींचे होते, हे तर मी स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितले नाही.

१९७८ साली मी बँकेत रोखपाल होतो. एका संध्याकाळी रोकड जुळेना. पाचशे रुपये कमी. नोटा पुन्हा मोजल्या, टेबलाखाली पाहिले, कचऱ्याची टोपली उपडी केली. कुणाला तरी माझ्या हातून जास्त गेले होते, आणि तो कुणीतरी भराभर पाय उचलीत गेला होता. रोखपालाची तूट रोखपालाने भरायची असते. मी ती पगारातून भरली. त्या महिन्यात घरात काय काय कमी आले, ते आमच्या हिला अजून पाठ आहे. तेव्हा मला त्या अज्ञात माणसाचा राग यावा ना? राग आला, पण त्याला जो चेहरा यायला हवा होता तो येईना. दर वेळी एका बारा वर्षांच्या पोराचाच चेहरा येई. तेव्हा कळले, की चूक आकड्यांत होत असली तरी ती भरणारा एक माणूस असतो, आणि तो बहुधा दमलेला, नवखा किंवा म्हातारा असतो.

सकाळी चहा पिता पिता मी नातवाला ही सगळी गोष्ट सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकली. मग विचारले, “ते तिकीट आता कुठे आहे?”

“माझ्याकडेच आहे. मुंबईला, वहीत.”

“अजून?”

“अजून.”

“मग तू मला काय सांगतोस?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी चहा संपवला. तो त्याच्या खोलीत गेला. पुढे चार आठवडे आमच्यात कार्डाचा विषय निघाला नाही. मी काढला नाही. काढण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

पण त्या चार आठवड्यांत मी मनाशी एक हिशेब मांडून पाहिला. इंग्रजी बिलांच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ अशी अक्षरे छापलेली असतात. चूक झाली असेल किंवा काही राहिले असेल तर ते वगळून, असा त्यांचा अर्थ. म्हणजे चूक निघाली तर तिला आम्ही बांधलेले नाही. हे एका बाजूचे बोलणे झाले. त्याच जागी आपल्या बिलांवर ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असते. त्यात दोन क्रियापदे आहेत. जास्त आले असेल तर द्यावे, कमी आले असेल तर घ्यावे. लिहिणाऱ्याने दोन्ही बाजूंना माणसे बसलेली पाहिली होती. गंमत अशी, की प्रत्येक जण त्यातला दुसऱ्याचाच अर्धा भाग मोठ्याने वाचतो. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, ‘द्या.’ गिऱ्हाईक दुकानदाराला सांगते, ‘चूक तुमची, तुम्ही घ्या.’ इटास्क्यात तेच झाले आणि कार्ड दोघांच्याही हाती राहिले नाही.

विकणाऱ्याने चुकून कमी लिहिलेला भाव पाळावा का? माझ्या मते पाळावा, निदान पाळायची तयारी दाखवावी. भाव हा त्याचा शब्द आहे, आणि शब्द स्वतःला महाग पडला म्हणून फिरवायचा नसतो. समोर अजाण गिऱ्हाईक असेल, लिहिलेला भाव खरा मानून ते घेऊन गेले असेल, तर मग प्रश्नच नाही. पण चूक ओळखून घेणाऱ्या गिऱ्हाइकाने त्याला तो पाळायला लावावा का, हा प्रश्न अगदी निराळा आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ही दोन उत्तरे एकमेकांना छेदतात असे वाटते; पण ती दोन निरनिराळ्या माणसांनी द्यायची उत्तरे आहेत. विकणाऱ्याने म्हणावे, घेऊन जा. घेणाऱ्याने म्हणावे, परत घ्या. मग मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडते.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. नातू सकाळी लवकर उठला, हात धुतले, आणि कार्ड त्याच कागदी पिशवीत घालून मोटारीत येऊन बसला. मी काही विचारले नाही.

म्हातारबुवा त्याच टेबलामागे होते. तोच थर्मास. नातवाने पिशवी पुढे केली आणि एका दमात सगळे सांगून टाकले. शून्य राहिले हे मला तेव्हाच कळले होते, हेसुद्धा. बुवांनी भिंगातून चिकटपट्टी पाहिली आणि हसून म्हणाले, “अक्षर माझंच आहे.” मग ते जे म्हणाले त्याचा भावार्थ असा, की लिहिला तो भाव, पैसे पोचले, कार्ड तुझे. त्यांनी पिशवी इकडे सरकवली. नातवाने ती तिकडे सरकवली. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. मागे गिऱ्हाइके थांबली होती. मी आयुष्यभर पैशाचे व्यवहार पाहिले, पण तोटा आपल्याकडे घ्यायला भांडणारी माणसे प्रथमच पाहत होतो. आणि त्यांतले एक आमच्या घरचे होते.

शेवटी बुवांनी थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि विचार करून विचारले, की मला हे कार्ड ज्या भावात पडले तेवढे देशील का? पूर्वी कधीतरी त्यांनी ते एकशेवीस डॉलरांना घेतले होते. पस्तीस आले होते, पंच्याऐंशी राहिले. त्यांना नफा नको, तोटाही नको. नातवाने माझ्याकडे पाहिले नाही. शेजाऱ्यांच्या अंगणातले गवत कापून देतो आणि महिन्याच्या महिन्याला फेडतो, असे त्याने कबूल केले. बुवांनी एका कागदावर हिशेब लिहिला: एकशेवीस, वजा पस्तीस, बाकी पंच्याऐंशी. आम्ही परत निघेपर्यंत त्यांतले साठ फिटले होते.

तो कागद नातवाने घरी येऊन मला दाखवला. मी म्हटले, आपल्याकडे याच्या खाली काहीतरी लिहायची पद्धत आहे. रविवारच्या मराठी शाळेत तो अक्षरे शिकला आहे. जीभ बाहेर काढून, सावकाश, त्याने लिहिले: ‘चुकभुल द्यावि घ्यावि.’ एका ओळीत चार ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. माझा हात पेन्सिलीकडे गेला होता, तो मी परत घेतला.

मुंबईला आल्यावर मी जुनी वही काढली. तिकीट आहे तसेच आहे. त्याच्यामागे म्हातारबाबांचा तो कपटाही आहे. शाई विटली आहे, पण चार अक्षरे वाचता येतात. दिवाळी जवळ आली होती. पाडव्याला व्यापारी नव्या वह्या पूजतात आणि जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढतात. मी तिकिटाखाली पेन्सिलीने लिहिले, ‘देणे रु. १३.५०.’ टिंब बरोबर जागी पडले आहे, हे दोनदा पाहिले. देणे कुणाचे, ती जागा मात्र कोरी सोडावी लागली. बाबांचे नाव मी कधी विचारलेच नव्हते.